मे महिन्यातल्या रिकाम्या वर्गांची चावी

एप्रिल संपत आला की आमच्या भांडुपच्या टेकडीवर रात्री साडेआठनंतर मृदुंग ऐकू येतो. गावच्या मुंबई मंडळाची नमनाची, म्हणजे कोकणातल्या लोकनाट्याची, तालीम सुरू झालेली असते. मे महिन्यात गावी पूजेच्या रात्री खेळ लावायचा असतो आणि हातात जेमतेम वीस रात्री उरलेल्या असतात. कुणी अंधेरीहून कंपनी सुटल्यावर येतो, कुणी कुर्ल्याच्या गॅरेजमधून. कृष्ण करणारा मुलगा बेस्टमध्ये कंडक्टर आहे, त्याची ड्युटी संपेपर्यंत गवळण सुरूच होत नाही. सगळे जमले की गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी मोबाइलच्या उजेडात उभं राहायचं. दहाच्या आधीच सोसायटीचे सेक्रेटरी वर येतात. त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. वरच्या मजल्यावर एक आजी अंथरुणाला खिळून आहेत आणि त्यांच्या डोक्यावर वीस माणसं ताल धरून नाचतायत. मग मृदुंगावर टॉवेल पडतो आणि उरलेला वग नुसता तोंडी म्हटला जातो.

त्या गच्चीच्या अगदी समोर पालिकेची शाळा आहे. चार मजली, मधे फरशीचं अंगण, तळमजल्यावर प्रार्थनेचं सभागृह. मे लागला की जून अर्धा सरेपर्यंत ती बंद असते. जिन्यावरचा एक दिवा रात्रभर जळतो, बाकी सगळा अंधार. मी या वस्तीत तीस वर्षं राहते आणि दर उन्हाळ्यात मला एकच प्रश्न पडतो. त्या अंधारातले चार वर्ग या माणसांना संध्याकाळचे तीन तास का मिळू नयेत?

मुंबईला स्वतःचा मोठा उन्हाळी कला महोत्सव हवा, ही इच्छा नाटकवाल्यांच्या गप्पांत अधूनमधून निघते. मलाही तो मनापासून हवा आहे. पण महोत्सव म्हटला की आपण लगेच मांडव, रोषणाई, उद्घाटक आणि प्रायोजक यांच्यावर बोलायला लागतो. माझं म्हणणं असं की या शहराने महोत्सवाची तयारी शाळेच्या फाटकाचं कुलूप काढून सुरू करावी. मुंबईत प्रयोगाला जागा कमी आहे हे खरंच, पण तालमीला ती जवळपास नाहीच. आणि तालमीला जागा नसलेल्या शहरात महोत्सव भरवला, तर इतरत्र तयार झालेलं आणून मांडायचं, एवढंच त्याच्या हाती उरतं.

आपला सर्वांत प्रसिद्ध कला महोत्सव हिवाळ्यात भरतो. काळा घोडा महोत्सव १९९९ मध्ये सुरू झाला. तो नऊ दिवस चालतो, प्रवेशाला पैसे पडत नाहीत, आणि त्यातून उभ्या राहिलेल्या निधीतून त्या परिसरातल्या जुन्या वास्तूंची दुरुस्ती झाली आहे. ज्या घोड्यावरून चौकाला नाव पडलं तो सातव्या एडवर्डचा पुतळा १९६५ मध्येच तिथून हलवला, पुढे तो राणीच्या बागेत गेला, तरी नाव चौकाला चिकटून राहिलं. महोत्सवाने त्या नावात पुन्हा जीव ओतला. मी मुलीला कडेवर घेऊन तिथे गेले आहे, कथक तिने पहिल्यांदा तिथेच पाहिलं. त्या महोत्सवाबद्दल माझी तक्रार नाही. पण भांडुपहून, गोवंडीहून, दहिसरहून माणूस तिथे जातो तो बघायला. लोकल पकडायची, चर्चगेटला नाहीतर सीएसएमटीला उतरायचं, गर्दीतून फिरायचं, फोटो काढायचे, परत यायचं. त्याच्या स्वतःच्या अंगात जे काही आहे ते त्या नऊ दिवसांत कुठेच उपयोगाला येत नाही. त्याला स्वतःला काही करायचं असेल तर घराजवळ, कामावरून आल्यानंतरच्या वेळेत, रोज मिळणारी खोली लागते.

जगातले दोन गाजलेले उन्हाळी महोत्सव आपल्या स्वातंत्र्याच्याच वर्षी, १९४७ मध्ये सुरू झाले. एक स्कॉटलंडमधल्या एडिनबराचा, दुसरा फ्रान्समधल्या आविन्योंचा. महायुद्ध नुकतं संपलं होतं, लोकांना अन्नसुद्धा मोजून मिळत होतं, आणि त्या दिवसांत या दोन गावांनी नाटक-संगीताचा घाट घातला. एडिनबराचे पहिले संचालक रुडॉल्फ बिंग. त्यांनी नामवंत वाद्यवृंद आणि नाटक कंपन्या बोलावल्या. त्याच वर्षी आठ मंडळ्या आमंत्रण नसताना आल्या आणि मिळेल त्या जागेत प्रयोग करून गेल्या. त्यांच्यातूनच ‘फ्रिंज’ वाढला. आज दर ऑगस्टला त्यात तीन हजारांहून जास्त कार्यक्रम होतात, आणि गावाची वस्ती साधारण पाच लाख, म्हणजे आपल्या एखाद्या उपनगराएवढी. एवढे कार्यक्रम मावतात कुठे? चर्चच्या सभागृहांत, विद्यापीठाच्या वर्गखोल्यांत, शाळांत, पबच्या माडीवर. आविन्योंमध्ये ज्याँ व्हिलारने पोपच्या जुन्या राजवाड्याच्या अंगणात नाटक उभं केलं, त्या अंगणाची छायाचित्रं सगळीकडे दिसतात. मला मात्र जास्त मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट. जुलैत तिथल्या शाळांना सुट्टी लागते आणि शाळांची अंगणं, व्यायामशाळा नाटकांना दिल्या जातात. सेंट जोसेफ शाळेचं अंगण तर त्या महोत्सवाचं ठरलेलं ठिकाण होऊन बसलं आहे.

एडिनबराची दुखरी बाजूही सांगायला हवी. ऑगस्टमध्ये तिथली घरभाडी इतकी चढतात की नाटक घेऊन येणाऱ्या तरुण मुलांनाच राहणं परवडेनासं झालं आहे. महोत्सव मोठा झाला, तशी जागा महाग झाली, आणि ज्यांच्या जोरावर तो मोठा झाला त्यांनाच ती महाग पडू लागली. मुंबईत जागा महाग व्हायला महोत्सवाची वाट पाहावी लागत नाही. म्हणूनच आपला महोत्सव भाड्याच्या जागांवर उभा राहू नये. तो लोकांच्या मालकीच्या जागेत उभा राहावा, आणि अशी जागा मुंबईत जवळजवळ प्रत्येक वस्तीत एकच असते, ती म्हणजे पालिकेची शाळा.

खरं तर यासाठी युरोपचे दाखले द्यायचीही गरज नाही. आपल्याकडे नाटकाने जेव्हा जेव्हा नवं वळण घेतलं तेव्हा कुणीतरी एक दार उघडं ठेवलेलं होतं. १९५० आणि ६० च्या दशकांत वॉर्डन रोडवर भुलाभाई देसाई मेमोरियल इन्स्टिट्यूट होती. एकाच आवारात गायतोंडे आणि हुसेन चित्रं काढत, पंडित रविशंकर यांची संगीतशाळा चाले, इब्राहिम अल्काझी नाटकं करत. विजया मेहतांच्या रंगायन या नाट्यसंस्थेलाही त्या आवाराचा आधार मिळाला. चित्रकाराने तालमीत डोकवावं, नटाने रंगांच्या वासात चहा प्यावा, हे तिथे ठरवून घडवावं लागत नव्हतं. आज तिथे उंच निवासी इमारत आहे.

मग छबिलदास. १९७१ मध्ये अरविंद देशपांडे, सुलभा देशपांडे, अरुण काकडे आणि सोबत्यांनी आविष्कार ही संस्था काढली. १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात त्यांचं काम सुरू झालं. सुलभाताई त्याच शाळेत शिक्षिका होत्या. दिवसा वर्ग भरायचे, संध्याकाळी नाटक. खालच्या गल्लीत बटाटावडे तळले जात आणि वर जिना चढून गेलं की शे-दोनशे माणसं नटांच्या अगदी जवळ बसलेली असत. सत्यदेव दुबे, अमोल पालेकर, जयदेव हट्टंगडी यांच्यासारख्या दिग्दर्शकांना, कितीतरी नव्या लेखकांना आणि नटांना त्या जागेने चुकायची मुभा दिली. या मुभेचं मोल मोठं आहे. ज्या जागेचं भाडं एका प्रयोगात वसूल करावं लागतं, तिथे माणूस जे चालतं तेच करतो. छबिलदासमध्ये पडलेलं नाटकही पुढच्या नाटकाच्या कामी आलं. आविष्कारची मुलांच्या नाटकांसाठीची शाखा, चंद्रशाला, हीसुद्धा सुलभाताईंनीच वाढवली.

छबिलदास चळवळीवर आपण खूप बोलतो, लिहितो. त्यात नाटककारांची नावं येतात, दिग्दर्शकांची येतात. पण त्या काळात शाळेच्या व्यवस्थापनातल्या कुणीतरी संध्याकाळी सभागृह द्यायला होकार दिला असणार, आणि कुणीतरी शिपाई रात्री उशिरा थांबून कुलूप लावत असणार. मराठी रंगभूमीच्या इतिहासात त्या होकाराला मी फार वरची जागा देईन. पुढे ती जागा सुटली. त्यानंतर आविष्कारचं काम अनेक वर्षं कुठून चाललं? माहीमच्या महापालिका शाळेतून. म्हणजे मी मागते आहे ते या शहराच्या महापालिकेच्या इमारतीत घडून गेलेलं आहे. एका संस्थेला एका शाळेत जे मिळालं, ते शहरभरच्या संस्थांना उन्हाळ्यापुरतं तरी मिळावं, एवढंच माझं मागणं आहे.

गिरणगावची गोष्ट थोडी वेगळी होती. तिथे तालमीची जागा म्हणजे चाळीचा व्हरांडा, गाळा, व्यायामशाळा. पाळी संपवून आलेला कामगार संवाद पाठ करायचा आणि आजूबाजूच्या खोल्या ते ऐकून घ्यायच्या, कारण त्या खोल्यांतलं कुणी ना कुणी नाटकात असायचंच. परळचं दामोदर नाट्यगृह १९२२ चं, या माणसांचं हक्काचं. शक्ती-तुऱ्याच्या सवाल-जवाबी गाण्यांच्या बाऱ्या, नमनं, कामगारांची नाटकं तिथे किती झाली याला मोजमाप नाही. २०२३ मध्ये ते पुनर्बांधणीसाठी बंद झालं. चाळी पडल्या, माणसं टॉवरच्या बत्तिसाव्या मजल्यावर नाहीतर बदलापूर-विरारला गेली. टॉवरला क्लब हाऊस असतं, पण तिथे ढोलकी चालत नाही. ज्याला आपण मुंबईचं सांस्कृतिक वैभव म्हणतो त्यातला मोठा भाग या व्हरांड्यांनी फुकट सांभाळला होता. व्हरांडे गेले तेव्हा त्यांच्या जागी काय, हा प्रश्न कुठल्याच विकास आराखड्याने गंभीरपणे विचारला नाही, याचं मला दुःख आहे.

आज तालीम कुठे होते? दादर-माटुंग्याला हॉल आहेत, तासावर भाडं. व्यावसायिक निर्मात्यालाही ते जड जातं, हौशी संस्थेचं तर विचारूच नका. बारा जणांचं नाटक बसवायचं तर निदान तीस तालमी लागतात. मुलं वर्गणी काढून शेवटच्या पाच तालमींपुरता हॉल घेतात आणि बाकीच्या पंचवीस मिळेल तिथे करतात. बागेत, स्टेशनबाहेरच्या कट्ट्यावर, कॉलेजच्या बंद कँटीनसमोर, कुणाच्या तरी हॉलमध्ये सोफा बाजूला सारून. चार पावलं मोजून हालचाल बसवावी आणि प्रयोगाच्या दिवशी रंगमंच दुप्पट रुंद निघावा, हे प्रत्येक हौशी नटाने भोगलेलं आहे.

मला याची सगळ्यात जास्त झळ लागली ती मुलगी म्हणून. एकोणीस वर्षांची होते, आमच्या गटाची एकांकिका स्पर्धेत होती आणि मुख्य काम माझं होतं. तालीम स्टेशनजवळच्या बागेत. मुलं कामावरून यायची, त्यामुळे सुरुवात साडेसातला. बागेतलं स्वच्छतागृह संध्याकाळी बंद व्हायचं. बाकांवर बसलेली टोळकी आमच्याकडे बघत राहायची, शेरे मारायची. बाबांनी आठ वाजताची वेळ घालून दिली होती आणि आता आई झाल्यावर मला त्यांचं काहीच चुकलं असं वाटत नाही. मी आठला निघायचे, नाटकाचा शेवट नऊनंतर बसवला जायचा. दहा दिवसांनी दिग्दर्शकाने मला बाजूला घेतलं आणि काम दुसरीला दिलं. ती बागेपलीकडच्याच इमारतीत राहत होती. तो बिचारा माझ्यापेक्षा जास्त रडवेला झाला होता.

पुढच्या वर्षी घराजवळच्या एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी आम्हाला बारा दिवस एक वर्ग दिला. दिवा, पंखा, नळ, मुलींचं स्वच्छतागृह, फाटकावर ओळखीचे वॉचमनकाका. पहिल्या दिवशी बाबा फाटकाबाहेर उभे राहिले. दोन-तीन दिवसांनी आत बाकावर येऊन बसले. शेवटच्या आठवड्यात संहिता हातात घेऊन तेच प्रॉम्प्टिंग करत होते, आणि आम्ही साडेनऊला बाहेर पडायचो तेव्हा वाटेतल्या दोन मुलींना घरी सोडायचेही तेच. त्या बारा दिवसांत आमच्या गटात मुली तीनच्या सात झाल्या. कला ही सर्वांची, असं भाषणात म्हणणं सोपं आहे. मी पाहिलंय की एका दिव्याने आणि एका स्वच्छतागृहाने कोण नटी होणार आणि कोण नाही हे ठरतं.

आता उन्हाळाच का, ते सांगते. मुंबईच्या मे महिन्यात पारा चौतीसच्या आसपास असतो, पण दमटपणाने जीव नको होतो हे कबूल. तरी संध्याकाळी खाऱ्या वाऱ्याची झुळूक येते आणि पाऊस जूनच्या पहिल्या पंधरवड्याआधी सहसा येत नाही. उघड्या अंगणात माणसं बसू शकतील अशा सलग कोरड्या संध्याकाळी या दिवसांत हमखास मिळतात. आपल्या आधीच्या पिढ्यांना हे ठाऊक होतं. वसंत व्याख्यानमाला उन्हाळ्यात सुरू झाल्या त्या उगीच नाही. दादरच्या अमर हिंद मंडळाच्या पटांगणात लोक वक्त्यांना ऐकायला बसत आले, विद्वानांनाही आणि विरोधकांनाही. परीक्षा संपलेल्या, अभ्यासाचा धोशा नाही, घरात पाहुणे. शहराचं मन मोकळं असण्याचे हे दिवस.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो आमच्याच माणसांचा असतो. मे महिन्यात मराठी माणूस मुंबईत असतोच कुठे, तो तर आंबे-फणस खायला गावी. हे अर्धंच खरं आहे. गावी जायला दहा-पंधरा दिवसांची रजा मिळते, सुट्टी दीड महिन्याची असते. ज्यांचं गावचं घर भावकीच्या वादात बंद आहे, ज्यांची नोकरी रजा देत नाही, ज्यांना गावच नाही, अशा घरांतली मुलं संपूर्ण मे महिना दहा बाय बाराच्या खोलीत पंख्याखाली मोबाइल बघत काढतात. त्यांच्यासाठी खांबाखांबावर उन्हाळी शिबिरांचे फलक लागतात. नाट्य शिबिर, चित्रकला शिबिर, व्यक्तिमत्त्व विकास. यातली काही शिबिरं फार चांगली असतात, माझ्या ओळखीचे लोक जीव ओतून ती घेतात. पण फी दोन मुलांची भरायची म्हटली की घरकाम करणाऱ्या बाईच्या पगारातला मोठा हिस्सा जातो. सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये लिटल थिएटर सुरू केलं तेव्हा मुलांना खरंखुरं, नेपथ्य-प्रकाशयोजनेसकट नाटक मिळालं पाहिजे हा त्यांचा आग्रह होता. मला वाटतं, आज त्या आग्रहात आणखी एका गोष्टीची भर घालायला हवी. पालिका शाळेतल्या मुलाला ते त्याच्याच शाळेत, सुट्टीत, फी न भरता मिळालं पाहिजे. ज्या इमारतीत त्याने वर्षभर पाढे म्हटले, तिथेच त्याने राक्षस होऊन ओरडावं.

पालिकेच्या बाजूने ज्या अडचणी पुढे येतील त्या मला तोंडपाठ आहेत, कारण मी त्या ऐकलेल्या आहेत. जबाबदारी कोणाची? सामान मोडलं तर? चावी कोणाकडे? पण याच इमारतींमध्ये निवडणुकीला मतदान केंद्रं होतात. पावसाळ्याआधी प्रत्येक विभागात यांतल्याच शाळा तात्पुरते निवारे म्हणून ठरवल्या जातात. २६ जुलै २००५ ला, एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा, आमच्या उतारावरची कुटुंबं समोरच्या शाळेतच झोपली होती. करोनाच्या वेळी कितीतरी शाळांत विलगीकरणाच्या खाटा पडल्या. संकटात चावी कोणाकडे हा प्रश्न एका फोनवर सुटतो. त्या चावीची वाट माहीत असलेलं प्रशासन संध्याकाळच्या तीन तासांसाठी ती शोधू शकणार नाही, हे मला पटत नाही.

सुट्टीत डागडुजी, रंगकाम चालतं, ही अडचण खरी आहे. पण सगळ्या शाळांची दुरुस्ती एकाच मे महिन्यात निघत नाही. ज्या इमारतीत काम नाही तिची यादी मार्चअखेर लावता येते. वॉचमनला जादा तासांचे पैसे, दिवे-पंख्यांची वीज, रोजची झाडलोट, प्रत्येक शाळेत एक प्रथमोपचार पेटी आणि आग विझवायची साधनं चालू आहेत ना याची तपासणी, असा हा खर्च. २०२५-२६ साठी महापालिकेचा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता. त्यापुढे यावर जास्त बोलण्याची मला गरज वाटत नाही.

मला खरी भीती दुसरी आहे. दार उघडलं की आत आधी कोण शिरतो? ज्याची ओळख आहे तो. मग वर्ग मिळतो एकाच पुढाऱ्याच्या मंडळाला, फाटकावर त्याच्या वाढदिवसाचा फलक लागतो आणि समोरच्या गच्चीवरचं नमन गच्चीवरच राहतं. म्हणून वाटप उघड्यावर व्हायला हवं. कोणत्या वर्गात कोणत्या वारी कोण, याचा कागद फाटकावर, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येईल असा लागलेला असावा. एका गटाला आठवड्यातून तीनच संध्याकाळी. अर्ज जास्त आले तर सगळ्यांसमोर चिठ्ठ्या. आणि आवारात कुणाचाही फोटो असलेला फलक नको, अगदी कलावंताचाही नको. अर्जातला विषय तपासायचा अधिकार कुणालाही नसावा. खोली मागणारा नमन बसवतोय, भीमगीतं गातोय, तमिळ नाटक करतोय की नुसतं उकुलेले शिकायला जमलाय, हे पाहणं वॉचमनचं काम नाही आणि साहेबांचंही नाही.

आवाजाचं काय, असं सेक्रेटरी नक्की विचारतील. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, हा नियम २००० सालापासून आहे. महोत्सवांना मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते ती वर्षातल्या मोजक्या पंधरा दिवसांसाठी, आणि त्या दिवसांवर गणपती-नवरात्राचा हक्क आधीचा आहे. आम्हाला ती सवलत नकोच. साडेसहा ते साडेनऊ, ध्वनिक्षेपकाशिवाय, ढोल-मृदुंग असेल तर रस्त्यापासून दूरच्या तळमजल्यावरच्या सभागृहात. गच्चीवरचा मृदुंग सगळ्या टेकडीला ऐकू जातो, चार भिंतींतला तेवढा जात नाही. ज्या आजींसाठी सेक्रेटरी जिना चढतात त्यांची झोप याने उलट वाचेल.

आणि महोत्सव? तो शेवटच्या आठवड्यात आपोआप होईल. चार आठवडे ज्यांनी त्या शाळेत तालीम केली ते जूनच्या तोंडावर त्याच अंगणात आपापलं दाखवतील. सतरंज्या, वर्गातली बाकं, आणि दिवे शाळेचेच. बक्षीस नको, परीक्षक नकोत. स्पर्धांनी आपल्या रंगभूमीला पुष्कळ दिलं आहे, राज्य नाट्यस्पर्धेने १९५४ पासून गावोगावचे नट घडवले. पण वर्षाचे बाकी सगळे महिने स्पर्धांचे आहेत, एक महिना बिनस्पर्धेचा राहू द्या. एका संध्याकाळी भांडुपच्या शाळेत नमन, मग त्याच अंगणात उत्तर प्रदेशातून आलेल्या रिक्षावाल्यांची बिरहा ही लोकगीतं गाणारी मंडळी, मग पाचवीतल्या मुलांचं वीस मिनिटांचं नाटक. दुसऱ्या दिवशी नमनवाले विक्रोळीच्या शाळेत जातील आणि विक्रोळीवाले इकडे येतील. त्यातलं एखादं काम खरोखर उत्तम निघालं तर ते पुढच्या फेब्रुवारीत काळा घोड्याला जावं. तिथला प्रेक्षक उलट इकडे आला तर आणखी बरं, स्टेशनपासून शेअर रिक्षा मिळते.

यंदा मी अर्ज लिहिला आहे. कोऱ्या कागदावर, मराठीत, विभाग कार्यालयातल्या शिक्षण खात्याच्या नावाने. तळमजल्यावरचं सभागृह आणि पहिल्या मजल्यावरचे तीन वर्ग, ५ मे ते १० जून, संध्याकाळी साडेसहा ते साडेनऊ. खाली नमन मंडळाची सही आहे, दोन महिला भजनी मंडळांची आहे, कॉलेजमधल्या सहा मुलींच्या गटाची आहे. सोसायटीच्या सेक्रेटरींनीही सही केली, आणि स्वतःच्या हाताने खाली एक ओळ वाढवली: स्वच्छतागृहांचे दिवे चालू असावेत.